पडदेवाल्यांचे जावई आणि भिंतीमागचं तळं

आमच्या गल्लीत पडद्यांचं एक जुनं दुकान आहे आणि त्या दुकानात एक जावई आहेत. दुकानाची पाटी तीनदा बदलली, जावई तेच. वय चोपन्न, डोक्यावरचे निम्मे केस गेलेले, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात नांदायला गेलेली. पण माणसाला अजून सगळे ‘जावईबापू’च म्हणतात. सासरे म्हणतात, गिऱ्हाईकं म्हणतात, टपाल टाकणारासुद्धा म्हणतो. मेहुणा, म्हणजे सासऱ्यांचा धाकटा, ‘दाजी’ म्हणतो तेवढाच काय तो अपवाद. एकदा बँकेत सही करताना आपलं नाव काय म्हणून ते क्षणभर थांबले होते, असं समोरचा किल्लीवाला सांगतो. किल्लीवाल्याचं सगळं खरं मानू नये. पण हे मी मानतो.

आता पुढचं जे आहे ते खरं तर चारचौघांत सांगण्यासारखं नाही. पण सासरेबुवांना हल्ली बारीक अक्षर दिसत नाही आणि मेहुण्याने कापडाच्या चिठ्ठीपलीकडे आयुष्यात काही वाचलेलं नाही. त्या घरात वाचणारी एकटी थोरली, म्हणजे जावईबापूंची बायको. आणि तिला सगळं माहीतच आहे.

जावईबापू गल्लीत आले ते सव्विसाव्या वर्षी, पडद्याच्या दांडीत ओवायच्या पितळी कड्या विकायला. हातात नमुन्यांची पेटी, पायात नवे बूट. सासरेबुवा तेव्हा सासरे नव्हते, नुसते पडदेवाले होते. त्यांनी सहज गंमत म्हणून विचारलं, ती समोरची किल्लीवाल्याची खिडकी किती रुंद असेल हो? या पठ्ठ्याने मान वर केली आणि सांगितलं, एकोणचाळीस इंच आणि दोन सूत. मोजली तर एकोणचाळीस आणि दोन सूत, म्हणजे वरचा पाव इंचसुद्धा चुकला नव्हता. पडदेवाल्यांनी कड्या घेतल्या नाहीत, माणूस ठेवून घेतला. थोरली लेक बापाची लाडकी, तिला परक्या घरी पाठवायला जीव होत नव्हता, आणि इथे माप घेणारा आयता चालून आला होता. महिन्याभरात लग्न. एका दगडात दोन पक्षी म्हणतात ना, इथे दगडही मारावा लागला नाही. पक्षी आपले आपण येऊन पिंजऱ्यात बसले. लग्नात सासऱ्यांनी जावयाला अंगठी दिली नाही, कातडी म्यानातली पोलादी टेप दिली.

दुकान खाली, घर वर, मधे एकवीस पायऱ्यांचा जिना. जावईबापूंचा संसार, नोकरी आणि प्रवास सगळा त्या एकवीस पायऱ्यांत. सकाळी उतरायचं, दुपारी जेवायला चढायचं, पुन्हा उतरायचं, संध्याकाळी चढायचं. ज्या तोंडांसमोर दिवसभर कापड उलगडलं, त्याच तोंडांसमोर ताट मांडून बसायचं.

आणि घर कसं, तर रस्त्यावरचा दरवाजा सोडला तर घराला दार नाही. सासरेबुवांचं ठाम मत असं की दार ही सुतारांची चलाखी आहे. खोलीखोलीच्या मधे पडदे. जाड, पायघोळ, झालरीचे, पण पडदेच. मेहुण्याच्या खोलीत कूस बदलली की जावईबापूंच्या खोलीत कळतं. त्यामुळे या नवराबायकोचं अठ्ठावीस वर्षांतलं सगळं बोलणं कुजबुजीत झालं. प्रेमही कुजबुजीत आणि भांडणही. कुजबुजत भांडून बघा एकदा. शेवटी हसू येतं नाही तर रडू येतं, पण भांडण काही पुरं होत नाही.

खिडक्यांना दुकानातला उत्तम माल लावलेला, म्हणजे गिऱ्हाइकाला वर आणून दाखवता येतो. आणि उन्हाने रंग उडतो म्हणून ते पडदे कधी उघडायचे नाहीत. जावईबापूंच्या मागच्या खोलीला एकच खिडकी. ती उघडली तर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावर सांडपाण्याचा नळ. त्या खिडकीलाही अस्तर लावलेला मखमली पडदा आहे. नळाची अब्रू झाकायला, दुसरं काय.

कोणी म्हणेल, माणूस निघून का गेला नाही? तर सासरेबुवांनी अठ्ठावीस वर्षांत जावयाला एकदाही ‘अरे’ म्हटलं नाही, हे त्याचं कारण. कायम ‘अहो जावईबापू’, कायम ‘तुम्ही जरा बघता का’. पहिला घास त्यांना, खुर्ची त्यांना, सर्दी झाली की गरम पाणी त्यांना. शिवी दिली असती तर माणूस ताडकन उठून गेला असता. आदर देणाऱ्याच्या घरातून निघून कसं जायचं, ते सांगा.

एकच सुटका होती. माप. नव्या गिऱ्हाइकाच्या घरी जायचं, खिडक्या मोजायच्या, कागदावर लिहून आणायचं. पण सासरेबुवांचा तिथेही नियम होता. पडदेवाले एका दारात मापासाठी दोनदा जात नाहीत. दुसऱ्यांदा जातो तो शिकाऊ. साठ वर्षांत दुकानाचं हे ब्रीद मोडलं नव्हतं. शिवाय शहरातला प्रत्येक भाग किती मिनिटांवर आहे ते त्यांना पाठ. जायला पंचवीस, यायला पंचवीस, मापाला वीस. तासाच्या वर दहा मिनिटं झाली की गल्ल्यामागच्या घड्याळाकडे एक नजर. बोलणं काही नाही, नुसती नजर. जावईबापू घामाघूम होऊन परत यायचे ते त्या नजरेच्या धाकाने.

तर अशात एका नर्सबाईकडे माप घ्यायचं निघालं. सहावा मजला, बाईंची कायमची रात्रपाळी, दिवसा झोपायचं. त्यांनी मोठी खिडकी दाखवली आणि म्हणाल्या, “खालचं तळं चकाकतं आणि थेट डोळ्यांवर येतं हो. मला दिवसा अगदी काळोख पाहिजे.”

जावईबापूंना वाटलं बाईंना झोप झालेली नाही. तळं कुठलं आलं इथे? त्या रस्त्याने ते अठ्ठावीस वर्षं जात होते. एका अंगाला टायरची दुकानं, दुसऱ्या अंगाला पाणीपुरवठ्याच्या कचेरीची न संपणारी पिवळी भिंत, मधे चार रांगांत गाड्या, एकीचा भोंगा दुसरीच्या भोंग्यावर चढलेला. भिंतीमागे कचेरीचं भंगार असणार, असं सगळ्या शहरासारखं त्यांनीही धरून ठेवलं होतं. ते टेप घेऊन खिडकीशी गेले आणि खाली बघितलं.

खाली पाणी होतं. थोडंथोडकं नाही, आमची आख्खी गल्ली आणि शेजारच्या दोन गल्ल्या बुडतील एवढं. एका कडेला लव्हाळं, दुसऱ्या कडेला गवत, मोठाली झाडं, एक पायवाट आणि तीन बाक. माणूस एकही नाही. भिंतीच्या अलीकडे गाड्या एकमेकींना ढुशा देत होत्या आणि पलीकडे एक काळा पक्षी पाण्यावर रेघ ओढत निवांत चालला होता.

जावईबापू उभेच. किती वेळ, ते त्यांनाही ठाऊक नाही. बाई दोनदा खोकल्या. मग हातातली टेप सर्रकन म्यानात गेली, तशी ते भानावर आले, नमस्कार केला, जिना उतरले आणि दुकानाच्या पायरीवर पाय ठेवताना त्यांना कळलं की कागद कोरा आहे. आयुष्यात पहिल्यांदा ते खिडकी बघून आले होते आणि माप घ्यायला विसरले होते.

दुकानाचं साठ वर्षांचं ब्रीद असं एका पाणपक्ष्यापायी मोडलं. सासरेबुवा काही बोलले नाहीत. घड्याळाकडेही बघितलं नाही, हे त्याहून वाईट.

दुसऱ्या दिवशी जावईबापू पुन्हा गेले. खिडकी मोजली, लिहिली. एकशे बेचाळीस बाय अठ्ठ्याऐंशी. हा आकडा लक्षात ठेवा, मला म्हातारपणी तेवढंच राहतं. मग खाली उतरून ते भिंतीच्या कडेने चालत राहिले आणि विजेच्या डब्यामागे त्यांना फाटक सापडलं. गोल फिरणारं, लोखंडी, एका वेळी एकच माणूस आत जाईल असं. ढकललं तर कुरकुरलं. आत एक रखवालदार खुर्चीत झोपलेला. कोणी विचारलं नाही की कुठे, कोणाकडे, किती वेळ. जावईबापू पहिल्या बाकावर बसले. सात मिनिटं बसले. काही केलं नाही. कोणाची तरी हाक येईल म्हणून दर मिनिटाला मान वळवत होते, पण हाक आली नाही. मग उठले आणि धावत दुकानात आले.

इथून माणूस बिघडला.

त्यांनी शोधून काढलेली युक्ती ऐका. पहिल्या फेरीत सगळ्या खिडक्या चोख मोजायच्या, पण कागदावर एक माप मुद्दाम लिहायचं नाही. दुकानात येऊन कपाळावर हात मारायचा, अरे, स्वयंपाकघरातल्या खिडकीची उंची राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा माप घ्यायला म्हणून निघायचं, आणि गिऱ्हाइकाच्या दाराकडे ढुंकूनही न बघता थेट दहा मिनिटांवरच्या तळ्यावर जायचं. बाकावर तास काढायचा, आणि परत येऊन डोक्यातला आकडा कागदावर उतरवायचा. म्हणजे बघा, विसरण्याचं सोंग करायला आधी सगळं पक्कं लक्षात ठेवायला लागायचं. चार महिन्यांत एकही पडदा बोटभर आखूड झाला नाही.

तळ्यावर ते काय करत? काही नाही. पहिला बाक त्यांचा ठरला. दुसरा उन्हात, तिसरा लव्हाळ्याआड आणि वर मोडका. कधी बूट काढून गवतात पाय सोडत. एकदा मोठ्याने खोकले आणि आपल्याच आवाजाने दचकले.

पण गल्लीला डोळे असतात आणि किल्लीवाल्याला तर चार आहेत. जावईबापू जाताना केस विंचरून जातात, येताना चेहरा उजळलेला असतो, हे त्याने टिपलं. आठवड्याभरात गल्लीचा निकाल लागला की जावईबापूंचं बाहेर काहीतरी आहे. आता हे काहीतरी गोरं का सावळं यावर पैजा लागल्या. मी सावळ्याच्या बाजूने होतो, कबूल करतो.

सासरेबुवांच्या कानावर ते गेलं नाही. त्यांना फक्त एवढं दिसत होतं की ज्या माणसाची नजर पाहून लेक दिली, त्याला आता खिडकीची उंची आठवत नाही. एक्याऐंशीचे असून स्वतःला सगळं आठवतं आणि चोपन्नच्या जावयाला आठवत नाही, याचं त्यांना खरंच वाईट वाटत होतं. अकराव्या वेळी ‘उंची राहिली’ झालं, तेव्हा ते उठून जावयाजवळ आले, कमरेची टेप आपल्या हाताने हळूच सोडवून घेतली आणि म्हणाले, तुम्ही दमलात, जावईबापू. इतकी वर्षं केलंत. आता मापं धाकटा घेईल, तुम्ही आपले मागे कापायच्या टेबलाशी सावलीत बसा.

मागची खोली म्हणजे दुकानाच्या पोटातलं पोट. खिडकी नाही, भिंतींना छतापर्यंत कापडाचे गठ्ठे, वर एक दिवा, कापडाची कोंदट धूळ, मशीनवर एक बहिरा शिंपी. तिथे जावईबापू बसले. एक दिवस, चार दिवस, अठरा दिवस. तोंड उघडावं तर काय सांगावं? मला काही विसर पडत नाही, मी खोटं बोलत होतो. कशासाठी? एकटं बसायला. या माणसांना, ज्यांनी पहिला घास दिला त्यांना, सांगायचं की तुमच्यापासून लांब एक तास बसता यावं म्हणून मी चार महिने चोरी केली. त्यापेक्षा विसरभोळा ठरणं बरं. जेवणात एक पोळी कमी झाली, मग दुसरी.

आता थोरलीकडे येऊ. बोलण्यात गल्लीत तिचा हात कोणी धरणार नाही, म्हणजे कुजबुजीतसुद्धा. ती पडदेवाल्याची लेक. कापडावर परका धागा दिसला की तिचे डोळे तिथेच जातात. नवऱ्याच्या मोज्यांना कुसळं अडकून येतात हे तिने पहिल्याच आठवड्यात पाहिलं होतं. मापाला गेलेल्या माणसाच्या मोज्यांत गवताची कुसळं? तिने सुईने एकेक काढलं आणि बटणांच्या रिकाम्या डबीत जमवत गेली. चार महिन्यांत डबी निम्मी भरली. मग कुसळं यायची थांबली आणि नवऱ्याचं जेवण तुटलं. गल्लीतली बातमी तिच्यापर्यंत आली होतीच. तिने दोन अधिक दोन केले.

एका दुपारी सगळे लवंडलेले असताना तिने डबी नवऱ्यासमोर ठेवली आणि कुजबुजली, “संपलं का?”

“काय?”

“जे होतं ते. कोण होती?”

जावईबापूंनी डबीतली कुसळं बघितली. चोराला मुद्देमाल दाखवावा तसं झालं. त्यांना कळेना की काय सांगावं, म्हणून त्यांनी खरं तेच सांगितलं. “तळं,” ते म्हणाले.

पडद्यापलीकडे मेहुण्याने कूस बदलली. थोरलीने डबीचं झाकण लावलं.

“नेता मला?” थोरली थोड्या वेळाने म्हणाली. विश्वास बसला नव्हताच, पुरावा पाहिजे होता.

दुसऱ्या दिवशी तिने वडिलांना सांगितलं की यांना डॉक्टरकडे दाखवून आणते, विसरण्याचं काही बरं लक्षण नाही. सासरेबुवांनी लगेच परवानगी दिली, मेहुण्याची गाडी देऊ केली. ती म्हणाली, गाडीवर यांना गरगरतं.

फिरत्या फाटकातून ती मागाहून आली, कारण एका वेळी एकच. मग बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली, पर्स मांडीवर धरून, दवाखान्यात बसतात तशी. ती अर्धा तास बोलली नाही. त्या बाईच्या बाबतीत हे मी लिहितो आहे, तेव्हा काय ते समजून घ्या. जावईबापूंना वाटलं चिडली. हळूच बघितलं तर ती पाण्याकडे बघत होती आणि पर्स बाकावर ठेवलेली होती.

“तुम्हाला अठ्ठावीस वर्षं झाली त्या घरात,” ती शेवटी म्हणाली. “मला एक्कावन्न झाली. लग्नात मुली सासरी जातात. मी पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत गेले. मधे पडदा होता, तो बाजूला केला आणि गेले.”

जावईबापूंच्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं. अठ्ठावीस वर्षं ते समजत होते की तुरुंग त्यांचा आहे आणि बायको त्या घराची आहे.

त्या रात्रीच्या जेवणात थोरलीने ताटावर सांगितलं की डॉक्टर म्हणाले, विसर आहे, पण वाढू द्यायचा नसेल तर रोज तासभर मोकळ्या हवेत चालवा. एकटं सोडू नका, वाट चुकतील. ती म्हणाली, मीच जाईन पाच ते सहा, मागचं आवरून. जावईबापूंनी भातावरून मान वर केली नाही. सासरेबुवांच्या डोळ्यांत पाणी आलं. लेकीच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाले, जा बाई, दुकानाचं मी बघतो. ज्या घड्याळाचा एवढा धाक, त्याच्या हक्काचा तास त्यांनी आपण होऊन काढून दिला.

सुटले म्हणाल? हळू. तास मिळाला, पण त्याची एक अट होती, आणि ती उरलेले तेवीस तास पाळायची होती. जावईबापूंना आता विसरावंच लागणार होतं. रोज, सगळ्यांसमोर, जन्मभर. मेहुणा ‘दाजी, हे लाल कापड’ असं एकेक शब्द सावकाश, लहान मुलाला शिकवावं तसं बोलू लागला. टपालवाला पाकीट त्यांच्या हातात देईना. किल्लीवाल्याला तर पश्चात्तापच झाला. बिचाऱ्याला उगाच बाईवरून चिडवलं म्हणून तो त्यांना घरापर्यंत हाताला धरून नेऊ लागला. एकवीस पायऱ्या मोजून मोजून चढवायचा. आणि हे सगळं तो माणूस सोसत होता, ज्याला शहरातल्या दोनेक हजार खिडक्या सुतासकट पाठ.

सहा महिने असे गेले. मग नर्सबाईंनी निरोप पाठवला की जाड पडदा छान आहे, पण सुट्टीच्या दिवशी तळं बघावंसं वाटतं, तेव्हा त्याच खिडकीला आतून एक पातळ, जाळीचा पडदा करून द्या. मेहुणा माप घेऊन आला. पडदा शिवला, लावला, आणि बाईंचा फोन. दोन्ही कडांना वीतवीत उघडं राहतंय. या शहाण्याने नुसती काच मोजली होती; सहा महिने छोट्या खिडक्यांवर ते खपून गेलं, या मोठ्या खिडकीवर उघडं पडलं. पडद्याचं माप चौकटीच्या बाहेरून घेतात, वर दोन्हीकडे सहा-सहा इंच सोडतात, हे पडदेवाल्यांच्या पोटच्या पोराला चाळीस वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं, कारण घरात माप घेणारा जावई होता. जुना कागद बघावा तर तोही नाही. मापाचा कागद कापडाला टाचतात आणि पडदा शिवून झाला की फेकून देतात.

पुन्हा माप घ्यायला जायचं म्हणजे पुन्हा तेच दार. त्या दारात एकदा नाक कापून झालं होतं, आता दुसऱ्यांदा, आणि तेही स्वतःच्या मुलामुळे. सासरेबुवा दिवसभर गल्ल्यावर बसून राहिले. चार वाजता उठले आणि मागच्या खोलीत आले. मेहुणा दारात मान खाली घालून उभा. शिंप्याने मशीन थांबवलं. थोरली जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून दांडीत कड्या ओवत होती.

म्हाताऱ्याने कातडी म्यानातली टेप काढून टेबलावर ठेवली. “जावईबापू,” ते म्हणाले, “ती नर्सबाईंची मोठी खिडकी. माप तुम्हीच घेतलं होतंत. बघा बरं, काही आठवतं का.”

जावईबापूंनी टेपेकडे बघितलं.

“आठवलं तर ही तुमची,” सासरेबुवा म्हणाले. “मी समजेन की तुम्ही बरे झालात. उद्यापासून मापं पुन्हा तुम्हीच घ्या. धाकटा गाडीवर नेईल, खाली थांबेल आणि परत आणेल. ते चालण्याबिलण्याची दगदगही नको.”

अठ्ठावीस वर्षांत त्या माणसाने जावयाकडे काही मागितलं नव्हतं, सगळं दिलंच होतं. आज हात पुढे केला होता. जावईबापूंच्या ओठांवर आकडा आला. शिंपी बहिरा आहे, त्याला ओठ वाचता येतात. तो म्हणतो, ‘एकशे’ असं त्याला स्पष्ट दिसलं. हात टेपेपर्यंत गेला, कातड्यावरून अंगठा फिरला. मग नजर उचलून त्यांनी थोरलीकडे बघितलं. तिच्या हातातल्या कड्या थांबल्या होत्या. ती काही सुचवत नव्हती. नुसती बघत होती, बटणांची डबी समोर ठेवली होती त्या दिवसासारखी.

“नाही आठवत, बाबा,” जावईबापू म्हणाले.

सासरेबुवा चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी जावयाच्या डोक्यावर हात ठेवला, असू द्या म्हणाले, तुमचा काय दोष, आणि टेप उचलून मुलाच्या हातात दिली. संध्याकाळी पडदेवाले त्याच दारात पुन्हा माप घ्यायला गेले. त्या दिवशी दुकान अर्धा तास आधी बंद झालं. का, ते कोणी विचारलं नाही.

आणि पाच वाजता ही दोघं तळ्यावर होती. मला कसं ठाऊक, असं विचाराल. अहो, डॉक्टरने चालायला सांगितलेला माणूस रोज नेमका जातो कुठे, हे बघायला नको? पाठोपाठ गेलो, फाटक कुरकुरू नये म्हणून हाताने धरून आत शिरलो. तिसरा बाक मोडका आहे, पण एका म्हाताऱ्याचं वजन पेलतो, आणि लव्हाळ्याआडून पहिला बाक छान दिसतो.

पलीकडे सहाव्या मजल्यावर ती खिडकी उजेडात चमकत होती आणि आत कोणीतरी हात पसरून काहीतरी मोजत होतं. मेहुणाच असणार. जावईबापू एकटक तिकडे बघत होते. मग त्यांच्या तोंडून शब्द निघाले, कुजबुजीत नाही, चांगले खणखणीत. त्यांचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

“एकशे बेचाळीस बाय अठ्ठ्याऐंशी.”

थोरलीने चटकन त्यांच्या हातावर हात ठेवला आणि मागे फाटकाकडे बघितलं.

“हळू,” ती म्हणाली. “पाण्यावरून आवाज लांब जातो.”